अक्कलदाढ काढल्यावर लेसरचा शेक

मलकापूरकरांनो, अक्कलदाढ काढायची असेल तर ‘लो लेव्हल लेसर’बद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. कृष्णा विश्व विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आपल्या गावातच आहे, तेव्हा विचारायला लांब जायला नको.

हा लेसर कापत नाही, भाजतही नाही. साधारण ६०० ते १००० नॅनोमीटरचा लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश गालावरून किंवा तोंडातून जखमेच्या आसपास काही मिनिटं देतात. पेशींमधलं मायटोकॉन्ड्रिया हा प्रकाश शोषून घेतं, ऊर्जा वाढते, सूज आणणारी रसायनं कमी होतात, असं मानलं जातं. याची सुरुवात १९६७ ची! बुडापेस्टचे डॉ. एंद्रे मेस्टर यांनी उंदरांवर सौम्य लेसर वापरला, तर भादरलेले केस लवकर उगवले.

खरं सांगायचं तर सगळे अभ्यास एकमुखी नाहीत. जबडा आखडणं आणि दुखणं कमी होण्याचे पुरावे बरे आहेत, सुजेबाबत मतभेद आहेत. प्रकाशाची मात्रा प्रत्येकाने वेगळी वापरली, हे एक मोठं कारण. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. उपचारावेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, तेव्हा घाबरू नका. मात्र तंबाखू, मिश्री आणि जोरात थुंकणं कटाक्षाने टाळा. जखमेतली रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडं पडतं आणि कोणताही लेसर त्याची भरपाई करत नाही. तीन-चार दिवसांनी दुखणं उतरण्याऐवजी वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.