न झालेल्या सामन्यांची बखर

पिट्सबर्ग प्लिमथ्स, न्यूयॉर्क शेव्हीज, बॉस्टन ग्रेज, सिनसिनाटी ब्लॅक्स. अमेरिकन बेसबॉलचा कुठलाही अधिकृत इतिहास उघडा, हे संघ त्यात सापडायचे नाहीत. काहींची नावं मोटारींवरून ठेवलेली, काहींची रंगांवरून. वाइनो लव्ह, वॉर्बी पेपर, हाइनी ट्विएट, फेगस कोडी, झॅग पार्कर हे त्यांचे खेळाडू. त्यांपैकी कुणीही कधी जन्माला आलं नाही. तरी त्यांच्या बॅटिंगच्या सरासऱ्या आहेत, गुणतक्ते आहेत, करारावरून मालकांशी झालेल्या कुरबुरींच्या बातम्या आहेत, संघांच्या जमाखर्चाचे वृत्तांतही आहेत. हे सगळे कागद आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहात जपून ठेवलेले आहेत. ते लिहिणारा, खेळणारा आणि बराच काळ त्यांचा एकमेव वाचक असलेला माणूस म्हणजे जॅक केरुअॅक.

केरुअॅक म्हटलं की आठवते ती ‘ऑन द रोड’ ही कादंबरी. 1951 च्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांत, कागद एकाला एक चिकटवून केलेल्या सुमारे 120 फुटी गुंडाळीवर ती टाइप झाली आणि 1957 मध्ये प्रसिद्ध झाली. रस्ता, जाझ, दारू, भटकंती, कसलंच बंधन नको म्हणणारी एक पिढी असं त्याचं चित्र वाचकांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. त्या चित्रातला माणूस रात्री टेबलाशी बसून काल्पनिक पिचरच्या हारजितीचा हिशेब जुळवतो आहे, असं त्याच्या वाचकांना सांगूनही पटलं नसतं. त्याच्या साहित्यिक मित्रांपैकीही बहुतेकांना याचा पत्ता नव्हता. 2001 मध्ये त्याची कागदपत्रं ग्रंथालयात आली आणि 2009 मध्ये बर्ग संग्रहाचे प्रमुख आयझॅक गेवर्ट्झ यांनी या खेळावर स्वतंत्र पुस्तक काढलं, तेव्हा कुठे हा प्रकार केवढा मोठा होता ते लोकांना कळलं.

त्याची मुळं लोवेलमध्ये आहेत. मॅसॅच्युसेट्समधलं मेरिमॅक नदीकाठचं हे कापडगिरण्यांचं गाव. केरुअॅक तिथे 1922 मध्ये जन्मला. आईवडील कॅनडातून आलेल्या फ्रेंचभाषक कुटुंबांतले. घरात फ्रेंच चाले, इंग्रजी शाळेत गेल्यावर आली. तो चार वर्षांचा असताना थोरला भाऊ जेरार्ड वारला. जेरार्ड तेव्हा नऊ वर्षांचा होता. वडील लिओ छपाईचा धंदा करत. म्हणजे घरात शाई होती, मथळे होते, आणि छापलेल्या अक्षराला किती वजन येतं याची जाण होती. मला वाटतं, पुढचं सगळं समजून घ्यायला हा छापखाना फार महत्त्वाचा आहे. मुलं कल्पनेतले खेळ खेळतातच. या मुलाला मात्र खेळ संपल्यावर त्याची बातमी यायला हवी होती.

आधी घोड्यांच्या शर्यती झाल्या. गोट्या आणि बेअरिंगमधले पोलादी गोळे हे घोडे. त्यांना नावं, जॉकी, मालक आणि प्रत्येक शर्यतीचा हाताने काढलेला अंक. ‘डॉक्टर सॅक्स’ या कादंबरीत त्याने या शर्यतींचं वर्णन पुढे मन लावून केलं आहे. मग बेसबॉल आला. सुरुवातीला गोट्या, टूथपिक आणि पांढरे खोडरबर वापरून प्रत्येक चेंडूचं काय झालं ते ठरायचं. पुढे त्याने पत्त्यांचा संच तयार केला. पत्ता उलटला की त्यावर निकाल लिहिलेला असे. चेंडू शॉर्टस्टॉपकडे हळू घरंगळत गेला, उंच उडून झेलला गेला, फटका थेट कुंपणापार गेला, असं काही. प्रत्येक सामना असा पत्त्यापत्त्याने पुढे सरकायचा आणि अशा सामन्यांनी मिळून हंगाम व्हायचा. किशोरवयात सुरू झालेला हा खेळ त्याने पुढे प्रौढपणीही सोडला नाही.

सामना संपला की जॅक लुइस कामाला लागे. केरुअॅकचं बाप्तिस्म्याचं नाव जाँ-लुई, त्यातूनच हा क्रीडा-पत्रकार निघाला. लुइस एकटाच स्तंभ लिहायचा, वार्तापत्र चालवायचा, कुठला संघ घसरतो आहे आणि कुठला मालक कंजूष आहे ते सांगायचा. त्या काळच्या अमेरिकन क्रीडा-पानांची भाषा त्याने उचललेली दिसते. टोपणनावांचा पाऊस, प्रत्येक पराभवाला शोककळा, प्रत्येक होम रनला तोफेचा आवाज. पुढे 1942 मध्ये केरुअॅकने ‘लोवेल सन’ या गावच्या खऱ्या दैनिकात काही काळ क्रीडा-वार्ताहर म्हणून नोकरीही केली. पण तोपर्यंत त्याची उमेदवारी घरच्या टेबलावर करून झालेली होती.

हा नाद बेसबॉललाच इतका का मानवला? फुटबॉलचा काल्पनिक हंगाम लिहायला गेलं तर पंचाईत होते, कारण त्यात बावीस माणसं एकाच वेळी धावतात. बेसबॉलमध्ये प्रत्येक घटना सुटी असते. एक पिचर, एक बॅटर, एक निकाल. त्यामुळे अख्खा सामना चारदोन बोटं जागेत लिहिता येतो आणि त्यावरून परत उभाही करता येतो. अशा नोंदीचा, म्हणजे बॉक्स स्कोअरचा, पाया 1859 मध्ये हेन्री चॅडविकने घातला असं मानतात. चॅडविक इंग्लंडमध्ये जन्मला, ब्रुकलिनमध्ये वाढला, आणि आधी क्रिकेटचे वृत्तांत लिहायचा. क्रिकेटचा धावफलक डोळ्यांसमोर ठेवूनच त्याने बेसबॉलची ही नोंदपद्धत बसवली. स्ट्राइकआउटसाठी आजही लिहिलं जाणारं ‘के’ हे अक्षर त्याचंच. म्हणून आपल्याकडच्या वाचकाला ही वेडी मंडळी अगदी परकी वाटू नयेत. पाठ्यपुस्तक मधेच उघडून पानाच्या शेवटच्या आकड्यावर धावा मोजणारा आणि वहीच्या मागच्या पानावर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा धावफलक मांडणारा मुलगा मराठी शाळांच्या प्रत्येक वर्गात होता. केरुअॅकचा नाद त्याच जातीचा, फक्त त्याने वही कधी मिटली नाही.

यातल्या लेखनाची शिस्त मला विलक्षण वाटते. कादंबरीकार निकाल स्वतः ठरवतो. बातमीदाराला निकाल बाहेरून मिळतो, पण माणसं, मैदान, हवा, आरडाओरडा हेही सगळं आयतं मिळतं. काल्पनिक हंगामाच्या बखरकाराला बाहेरून फक्त निकाल मिळतो, तोही फाशाने किंवा पत्त्याने दिलेला. बाकी सगळं त्याने निर्माण करायचं, पण निकालाला हात लावायचा नाही. फासा म्हणतो, आवडता बॅटर सलग बाराव्यांदा बाद. मग का बाद? मनगट दुखावलंय का? घरी काही बिनसलंय? की नव्या पिचरने त्याची खोड ओळखली? उत्तर लिहिणाऱ्याने शोधायचं, आणि उद्याच्या सामन्यात फाशाने तो बॅटर चार वेळा बेसवर पोचवला तर कालचं उत्तर न खोडता नवं लिहायचं. कालचा मजकूर आज बांधून ठेवतो. दहा-वीस सामन्यांनंतर त्या नावाला स्वभाव येतो, आणि तो लिहिणाऱ्याने आधीपासून ठरवलेला नसतो. अशा रीतीने घडलेली माणसं मला पुष्कळ कादंबऱ्यांतल्या माणसांपेक्षा जास्त जिवंत वाटतात, कारण त्यांच्या निर्मात्यालाही त्यांचं पुढे काय होणार ते ठाऊक नसतं.

पुढे बाजारात याचे तयार खेळही आले. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये रिचर्ड साइट्झ यांनी 1951 मध्ये ‘अॅपबा’ काढला, आणि न्यूयॉर्कजवळच्या हॅल रिचमन यांनी 1961 मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’. रिचमन यांची युक्ती साधी होती. फासे तीन. पहिल्यावर एक ते तीन पडलं तर बॅटरचं कार्ड बघायचं, चार ते सहा पडलं तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज निकाल सांगणार. खेळाडू मात्र खरे, गेल्या हंगामाच्या आकड्यांवर बेतलेले. 1999 पासून मार्कुस हाइन्सोन या जर्मन माणसाचा ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा संगणकीय खेळ आहे, आणि त्यात पूर्णपणे काल्पनिक खेळाडूंची लीगही उभी करता येते. यंत्र एका दुपारी कित्येक हंगाम खेळून टाकू शकतं. लिहिणारा तितका वेगवान नसतो, आणि माझ्या मते त्याने तसं व्हायला जाऊही नये. एका झटक्यात आलेले शंभर हंगाम म्हणजे नुसते तक्ते. हळू खेळलेल्या हंगामातच बखरीला जागा असते.

निकालाला हात न लावण्याच्या या शिस्तीची किंमत काय, हे सगळ्यात खोलवर ओळखलं ते रॉबर्ट कूव्हर यांनी. ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ ही त्यांची कादंबरी 1968 मध्ये आली. केरुअॅकचे कागद तेव्हा खासगीच होते. नायक जे. हेन्री वॉ, वय 56, पेशाने हिशेबनीस. दिवसा कचेरीत खातेवह्या, रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठ संघांची स्वतःची लीग. तीन फासे टाकले की क्रम सोडून 56 वेगवेगळे मेळ होतात, आणि लीगही छप्पन्नाव्या वर्षात आहे. वॉकडे तक्ते आहेत आणि एक ग्रंथ आहे. त्यात लीगचा इतिहास, मृत्युलेख, राजकारण सगळं लिहिलेलं. खेळाडूंवर रचलेली गाणीसुद्धा आहेत.

मग डेमन रुदरफोर्ड नावाचा तरुण पिचर येतो. पहिल्याच हंगामात तो एकालाही बेसवर पोचू न देता अख्खा सामना जिंकतो. वॉ त्याच्यावर जीव टाकतो. आणि पुढे एके दिवशी डेमन स्वतः बॅट घेऊन उभा असताना फासे एकापाठोपाठ तिन्ही एक्के दाखवतात. 216 वेळा टाकले तर सरासरीने एकदा पडणारं दान, पुन्हा पुन्हा. असाधारण घटनांचा तक्ता उघडावा लागतो. तिथे लिहिलेलं असतं, चेंडू डोक्यात बसून बॅटरचा मृत्यू. तक्ता वॉनेच बनवलेला. फासा उचलून परत टाकायला त्याला कुणाचीच आडकाठी नव्हती. तो टाकत नाही.

हे वाचताना पहिल्यांदा काळजात धस्स झालं होतं, आणि आजही ते पान तितकंच जड जातं. कागदावरचं एक नाव पुसलं गेलं, एवढंच तर झालं. पण वॉ शोकात बुडतो, नोकरीवरचं लक्ष उडतं, लीग कोलमडायला लागते. शेवटी तो काय करतो? डेमनला लागलेला चेंडू टाकणाऱ्या जॉक केसीच्या नावावर तिन्ही फासे स्वतःच्या हाताने सहा-सहा-सहा असे मांडून ठेवतो. फटक्याने पिचरचा मृत्यू. नियम मोडला तो एवढाच, एकदाच. पण तिथून बखरकार उरत नाही, त्याच्या जागी देव येतो. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात शंभर वर्षं उलटलेली आहेत, खेळाडू डेमनच्या मृत्यूचा विधी साजरा करत आहेत, आणि वॉ कुठेच नाही. देवाला आपल्या सृष्टीत राहायला जागा नसते असं कूव्हरना म्हणायचं असावं. मला त्यात लिहिणाऱ्यांसाठी सरळ कारागिरीचा इशारा दिसतो. ज्या दिवशी फासा आपण मांडला, त्या दिवसापासून आधीचे सगळे हंगामही संशयास्पद झाले.

2020 च्या वसंतात महासाथीने खरा बेसबॉल बंद पाडला, तेव्हा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ने ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे रोजचे सामने फाशांच्या गणितावर खेळवले आणि बॉक्स स्कोअर प्रसिद्ध केले. लोक ते रोज वाचत. त्याच जुलैत लॉस एंजेलिसच्या ‘द गेम बँड’ या छोट्या कंपनीने ‘ब्लेसबॉल’ सुरू केला. वीस संघ, दर तासाला सामना, आठवडाभरात 99 सामन्यांचा हंगाम. पडद्यावर खेळाडूचं नाव, त्याचे आकडे आणि चेंडूगणिक एकेक ओळ, एवढंच. चेहरा नाही, वय नाही, स्त्री की पुरुष तेही नाही. ते सगळं प्रेक्षकांनी लिहिलं, हजारोंनी. केरुअॅक एकटा जे करत होता ते आता अख्खं गाव करू लागलं. चाहत्यांच्या मतदानाने खेळातला एक ‘निषिद्ध ग्रंथ’ उघडला गेला आणि लीगमध्ये नवी संकटं आली. ग्रहण लागलं की पिसाळलेले पंच खेळाडूंना जाळून टाकू लागले.

त्यांतला पहिला बळी सिएटल गॅरेजेसची पिचर जेलन हॉटडॉगफिंगर्स. नाव ऐकून हसू यावं असंच, पण तिच्यासाठी गाणी रचली गेली, चित्रं काढली गेली, दुखवटा पाळला गेला. पुढे चाहत्यांनी नियमांतली एक फट शोधून, संघटितपणे डाव रचून तिला मेलेल्यांतून परत आणलं. वॉने जे चोरून केलं ते यांनी उघड्यावर, सगळ्यांच्या संमतीने आणि नियमांच्या आत राहून केलं. हा फरक मला मोठा वाटतो. त्याची किंमतही लीगने वसूल केली. परतलेल्या जेलनचा चेंडू ज्यांना लागला, त्यांच्यावर जळून जाण्याचं सावट आलं. चाहत्यांनी ती नावंही नोंदवून ठेवली, कुणामुळे काय झालं ते न लपवता. 2023 च्या जूनमध्ये कंपनीने खेळ बंद केला. तोपर्यंत बेसबॉलच्या खऱ्या इतिहास-संशोधकांच्या धर्तीवर चाहत्यांनी आपली संशोधन संस्था काढलेली होती, आणि झालेल्या हंगामांची चेंडूगणिक नोंद तिच्याकडे जमा होती.