ओळी किती, स्तंभ किती?

मागच्या आठवड्यात आपण सी भाषेत मॅलॉक वापरून एकमितीय अ‍ॅरे तयार केला. आता तक्ता हवा आहे आणि त्याच्या ओळी नि स्तंभ किती, हे प्रोग्राम चालू झाल्यावरच कळणार आहे.

मेमरीत मुळात तक्ता नसतोच. तिथे एक ओळ संपली की तिला लागून पुढची सुरू होते. पाच स्तंभांच्या तक्त्यात ओळ २, स्तंभ ३ (दोन्ही शून्यापासून मोजून) हा घटक कुठे सापडेल? दोन गुणिले पाच, अधिक तीन. म्हणजे सुरुवातीपासून १३ घरं पुढे. या हिशेबात स्तंभांची संख्या आली, ओळींची आलीच नाही. फंक्शनला द्विमितीय अ‍ॅरे देताना पहिला चौकोनी कंस रिकामा चालतो आणि दुसरा चालत नाही, तो याचसाठी. एवढं पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं आहे.

वर्गात बहुधा पॉइंटरचा पॉइंटर शिकवतात. ओळींच्या पत्त्यांचा एक अ‍ॅरे घ्यायचा आणि लूपमध्ये प्रत्येक ओळीसाठी वेगळा मॅलॉक करायचा. हजार ओळींना १००१ मॅलॉक लागतात आणि तितकेच फ्री. मध्येच एखाद्या ओळीला मेमरी मिळाली नाही, तर आधी घेतलेल्या सगळ्या परत करत बसायचं. ओळींची लांबी कमीजास्त असेल तिथे हीच पद्धत योग्य. आयताकृती तक्त्यासाठी मात्र ती मी सुचवणार नाही.

१९९९च्या प्रमाणकाने अ‍ॅरेच्या आकाराच्या जागी व्हेरिएबल लिहायची मुभा दिली. लिहायला सुटसुटीत, पण असा अ‍ॅरे सहसा स्टॅकवर बसतो. चार बाइटचे इंट धरले तर २००० गुणिले २००० चा तक्ता १ कोटी ६० लाख बाइटचा होतो, आणि लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ मेगाबाइट. प्रोग्राम कोसळतो. मॅलॉक निदान नल परत देतो. इथे तेवढीही सूचना मिळत नाही. लिनक्स कर्नलमधून असे अ‍ॅरे २०१८मध्ये काढून टाकले गेले.

मग व्हेरिएबल आकार ठेवावा, जागा मात्र मॅलॉककडून घ्यावी. इंट लिहा, गोल कंसात स्टार आणि नाव, त्यापुढे चौकोनी कंसात स्तंभसंख्या. गोल कंस विसरलात तर पॉइंटरचा अ‍ॅरे तयार होईल, म्हणून तो जपा. मॅलॉकला द्यायचं माप म्हणजे ओळींची संख्या गुणिले एका ओळीचा साइझऑफ. सगळी जागा सलग मिळते, घटक नेहमीसारखे दोन चौकोनी कंसांनी वाचता येतात आणि शेवटी फ्री एकदाच. माझ्या मते विद्यार्थ्यांना आधी हेच दाखवायला हवं. २०११मध्ये ऐच्छिक ठरलेला हा प्रकार सी-२३ प्रमाणकाने पुन्हा बंधनकारक केला आहे.

टर्बो सी किंवा मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर हे चालणार नाही. तिथे एकमितीय अ‍ॅरेच घ्या आणि वरचा गुणाकार स्वतः लिहा.

वापरणाऱ्याने दिलेले आकडे मॅलॉकच्या आधी तपासा. चुकून उणे संख्या आली, तर साइझऑफशी गुणताना ती प्रचंड मोठी धन संख्या होऊन बसते.