डांबर नसलेला रस्ताही कामाचा! ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे काय आणि जुन्नरच्या गावांना त्याचा उपयोग काय?

जुन्नर : पावसाळा सरला की तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, आपटाळे, चावंड, घाटघर या बाजूला सायकलवाले दिसायला लागतात. डोक्याला हेल्मेट, सायकलला पुढं-मागं बांधलेल्या पिशव्या आणि मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हॅण्डल. चांगला डांबरी रस्ता सोडून ही मंडळी मुरमाच्या वाटेला वळली की पारावरचे लोक एकमेकांकडं बघतात, "ह्यांचा रस्ता चुकला का काय?"

रस्ता चुकलेला नसतो, ते त्याच वाटेसाठी आलेले असतात. या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी-मुरूम. पाणंद, शिवाररस्ता, कॅनॉलच्या कडेचा रस्ता, जिथं ट्रक नाही, डंपर नाही, हॉर्न नाही, अशा वाटांनी गावोगाव फिरायचं, एवढीच त्याची सोपी व्याख्या. पुणे-नाशिक किंवा कल्याण-नगर महामार्गावर सायकल चालवणं म्हणजे जीव मुठीत धरणं आहे, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

सायकल वेगळी कशी?

शर्यतीच्या सायकलचं टायर बोटाएवढं, साधारण २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतं. ते डांबरावर सुसाट पळतं, पण मुरमात रुततं. डोंगरातल्या माउंटन बाईकचं टायर जाड असतं. ती दगडधोंड्यात चालते, पण लांब पल्ल्याला दमवते. ग्रॅव्हल सायकल या दोघींच्या मधली. टायर साधारण ३८ ते ५० मिलिमीटर, चढासाठी हलके गियर आणि उतारासाठी डिस्क ब्रेक.

खरी गोम हवेत आहे. शर्यतीच्या टायरमध्ये ८० ते १०० पौंड हवा भरतात, ग्रॅव्हलमध्ये मात्र साधारण ३० ते ४५. हवा कमी असली की टायर खडीवर उड्या मारत नाही, जमिनीला धरून चालतं. चिखलणीला ट्रॅक्टरच्या टायरची हवा कमी करतात, तेच गणित. बऱ्याच सायकलींना ट्यूबही नसते. आत चिकासारखा पातळ द्रव असतो. बाभळीचा काटा घुसला तरी भोक तिथल्या तिथं बुजतं.

ही सायकल महाग असते. पण गावातल्या पोराला हा नाद करायचा तर तीच पाहिजे असं नाही. जाड टायरची, गियरची, ब्रेक धड असलेली कुठलीही सायकल पाणंदीवर चालते.

इटलीतल्या कच्च्या रस्त्यांची गोष्ट

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे. सगळा शेतीचा मुलूख. तिथं २००६ साली शेतरस्त्यांवरून २०० मैलांची सायकल शर्यत सुरू झाली आणि पुढं ती जगभर गाजली. २०२२ पासून तर ग्रॅव्हल सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते.

आपल्याला जास्त जवळची वाटेल ती इटलीची गोष्ट. टस्कनी प्रांतात कियांती नावाचा डोंगराळ भाग आहे. द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं, टेकडीवर वसलेली जुनी दगडी गावं. या गावांना जोडणारे रस्ते पांढऱ्या मुरमाचे. एक एक करत त्यांच्यावर डांबर पडायला लागलं. तेव्हा गायोले या छोट्या गावातून १९९७ साली 'लेरोइका' नावाची सायकलफेरी सुरू झाली. जुन्या पद्धतीच्या सायकली घेऊन या पांढऱ्या रस्त्यांवरून फिरायचं आणि हे रस्ते वाचवायला पाहिजेत हे लोकांना दाखवून द्यायचं, असा तिचा हेतू. आज जगभरातून हजारो लोक त्या फेरीला येतात. त्याच भागातल्या मुरमाच्या रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यतही होते. तिचं नावच 'स्त्रादे बियांके', म्हणजे पांढरे रस्ते.

जे रस्ते मागासलेपणाची खूण वाटत होते, त्यांनीच त्या गावांना नाव मिळवून दिलं.

आपल्याकडं काय कमी आहे?

जुन्नरच्या वाटा तर त्याहून किती तरी जुन्या. नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग. कल्याण, सोपारा या बंदरांकडून येणारा माल हा घाट चढून जुन्नरला यायचा. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं जुनी माणसं सांगत आली. या मार्गावर नजर ठेवायला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे किल्ले उभे राहिले. मधे पूरचं कुकडेश्वर मंदिर, जिथं कुकडी नदीचा उगम मानतात. एका दिवसाच्या सायकलफेरीत दोन हजार वर्षांचा इतिहास बघून होतो. २०१८ साली राज्य सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं ते याच जोरावर.

रस्ताही आहे. माणिकडोहच्या फुगवट्याकाठच्या वाड्या, कॅनॉलच्या कडेचा मुरूम, डोंगराच्या पायथ्याच्या गाडीवाटा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम हंगाम. पावसात काळी माती चाकाला आणि ब्रेकला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

मग आम्ही डांबर मागायचं नाही का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आहे : मागायचंच. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला, पोरांच्या एसटीला, दुधाच्या आणि टोमॅटोच्या पिकअपला बारमाही पक्का रस्ता पाहिजे. शहरातल्या माणसाला फिरायला बरं वाटावं म्हणून कुठल्या वाडीनं चिखल तुडवू नये.

पण गावाला एकच रस्ता नसतो. मुख्य रस्ता पक्का झाला, तरी शिवारात जाणारी पाणंद, मळ्यामळ्यातून शेजारच्या गावाला निघणारी जुनी गाडीवाट असतेच. तिला डांबराची गरज नसते. तिला मुरूम, दाबलेली खडी, कडेला चर आणि ओढ्यावर नळ्या एवढं पुरतं. एवढं केलं तर शेतमालही निघतो आणि सायकलही चालते. दोघांना लागणारा रस्ता एकच आहे.

खरी अडचण : पाणंद जागेवर आहे का?

कित्येक पाणंदी कागदावर आहेत, जमिनीवर नाहीत. दोन्हीकडून बांध सरकत आले आणि गाडीवाटेची पायवाट झाली. काही ठिकाणी तर ऊसच उभा आहे. म्हणून आधी कागद बघा. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत मिळते. त्यावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट.

असलेला रस्ता कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दावा करता येतो. मात्र रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला रस्ताच नसेल, तर महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. मुरूम-खडीकरणासाठी सरकारची शेत-पाणंद रस्ते योजना आहे. गावानं ठराव करून प्रस्ताव दिला पाहिजे.

पाणंद मोकळी झाली तर पहिला फायदा आपल्या बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला. सायकलवाला नंतर.

पाहुण्यांनी पाळायचे नियम

- बांधावरून, उभ्या पिकातून सायकल घालायची नाही. वाटेवर पाइपलाइन आडवी असेल तर सायकल उचलून न्यायची.
- कॅनॉलचा रस्ता जलसंपदा विभागाचा आहे. पाणी सुटलेलं असताना काठाला जायचं नाही. वनहद्दीत जायचं तर वनखात्याला आधी विचारायचं.
- हा बिबट्याचा मुलूख आहे. उसाच्या पट्ट्यात पहाटे आणि दिवस मावळल्यावर एकट्यानं फिरायचं नाही. दिवसाउजेडी मुक्कामाला पोचायचं.
- जनावरं, मेंढरं समोर आली तर थांबून वाट द्यायची.

गावानं करायच्या गोष्टी

वाटेवर आडवी तार किंवा झटका मशीनची लाइन असेल, तर तिला लाल चिंधी बांधा. उतारावरून येणाऱ्याला बारीक तार दिसत नाही, गळ्याला लागली तर जीवावर बेतेल. फाट्यावर दगडाला चुन्यानं बाण काढा. पाणी, चहा, पिठलं-भाकरी कुठं मिळेल ते लिहा, दर आधी सांगा आणि सगळ्यांना एकच ठेवा. ज्याच्याकडं किमान एक एकर शेती आहे, त्याला २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन विभागाकडं नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात.

सायकलवाल्याची एक गोष्ट ध्यानात घ्या. गाडीतला पर्यटक काच वर करून गावातून निघून जातो. सायकलवाल्याला दर तासाला पाणी लागतं, भूक लागते, तो थांबतो आणि बोलतो. त्याचा पैसा थोडा असला तरी गावातच पडतो.

येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर एवढंच घ्या : आपल्या गावच्या नकाशावर पाणंदी किती आणि त्यातल्या आज मोकळ्या किती. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. पुढचं काम कुठून सुरू करायचं ते मग आपोआप कळेल.