उरलेल्या फळ्यांची भाजीपेटी

जुने घर उतरवले की त्यातल्या धडधाकट तुळया आणि वासे नव्या बांधकामाला जातात. मागे उरतात त्या माळ्याच्या, दाराच्या फळ्यांचे हात-दीड हाताचे तुकडे. त्यांची वाट बहुधा चुलीकडेच. पण ज्या शाळेचे अंगण फरशीचे किंवा निव्वळ मुरमाचे आहे, तिथे याच तुकड्यांच्या पेटीत मुलांच्या जेवणापुरती मेथी-कोथिंबीर होऊ शकते.

आधी लाकूड पारखावे. साग उत्तम, बाभूळही चालेल. आंब्याची फळी ओलीत लवकर कुजते. ठोकून पाहावे, आवाज पोकळ आला तर वाळवी आत शिरली आहे असे समजावे.

आता महत्त्वाची गोष्ट. जुन्या तेलरंगाची फळी या कामाला घेऊ नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा २०१७ सालापासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरता येत नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून असा रंग घरात घासू नये, आणि ती फळी चुलीतही घालू नये. शिसे धुरात आणि राखेत उतरते. डांबरी तेल पाजलेले रेल्वेचे जुने स्लीपरही भाजीसाठी वर्ज्यच.

आता माप. आतून ३ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट खोल अशी पेटी धरू. फळी १ इंच जाड आणि ६ इंच रुंद असावी. लांब बाजूंसाठी ३८ इंचांचे ४ तुकडे, आखूड बाजूंसाठी १२ इंचांचे ४ आणि तळासाठी १४ इंचांचे ६ तुकडे कापावेत. एकूण फळी सुमारे २४ फूट लागते. शिक्षकांनी हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा.

चार कोपऱ्यांत आतून २ इंची चौरस खुंट उभे करून बाजूच्या फळ्या त्यांना अडीच इंची खिळ्यांनी ठोकाव्यात. जुने सागवान फार कडक असते, म्हणून खिळ्याहून बारीक भोक आधी गिरमिटाने पाडावे, नाहीतर फळी चिरते. प्रत्येक कोपरा गुण्याने तपासावा. तळाचे तुकडे आडवे बसवून मध्ये बोटभराहून कमी फट ठेवावी. पाणी तिथूनच निघते. तळाखाली लांबीला दोन जाड पट्ट्या ठोकाव्यात आणि पेटी विटांवर ठेवावी. त्यामुळे खाली वारा खेळतो आणि वाळवीची वाट नजरेस पडते.

पेटीत ३ घनफूट, म्हणजे सुमारे ८५ लिटर माती मावते. ती भिजली की वजन सव्वाशे किलोच्या आसपास जाते. तेव्हा पेटी आधी जागेवर ठेवावी, मग भरावी. लांब बाजू फुगू नयेत म्हणून वरच्या कडेला मधोमध एक आडवी पट्टी ठोकावी.

तळाशी गोणपाट अंथरावे, म्हणजे फटींतून माती गळत नाही. दोन पाट्या माती, एक पाटी कुजलेले शेणखत आणि एक पाटी वाळू असे मिश्रण करावे. ताजे शेण घालू नये. त्याची उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही. धणे रगडून दोन दळे करून पेरावेत. मेथी महिन्याभरात खुडायला येते.

आहुपे, नाणेघाटाकडच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस जबर. तिथे पावसाळ्यात पेटी पडवीच्या कडेला घ्यावी. बेल्हे, लोणी-धामणीकडे पूर्वेला पाण्याची ओढ. तिथे मातीवर पाचटाचा थर द्यावा आणि पाणी संध्याकाळी घालावे.

बाहेरून कच्च्या जवसाच्या तेलाचा हात फिरवला तर लाकूड अधिक टिकते. तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून मगच टाकावी.

ही पेटी काही जन्मभराची नव्हे. आधी तळ कुजेल. तेव्हा तेवढ्याच फळ्या बदलाव्यात. पुढच्या वर्गातली मुले ते काम आनंदाने करतील आणि करवत, गुण्या त्यांच्या हाताखालून जाईल.