बरणी घट्ट, लेकरू मोकळं?

दिवाळी तोंडावर आली की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत एकच प्रश्न फिरतो, ‘गावी कसा जाणार?’ ट्रॅव्हल्सचे दर आभाळाला भिडलेले, रेल्वेचं वेटिंग हलायला तयार नाही. मग ठरतं, आपलीच गाडी काढू! गाडी नवीकोरी, हप्ते चालू, म्युझिक सिस्टीम झक्कास. घेताना एअरबॅगसुद्धा मोजून घेतलेल्या असतात. पण दोन वर्षांचं पिल्लू कुठे बसणार? ‘आजीच्या मांडीवर!’ उत्तर तयारच असतं.

माझं माहेर हिंगोली. अकोल्याहून वाशिम, हिंगोली करत नांदेडला जाणारा हायवे मला पाठ आहे. कळमनुरी सोडलं की वारंगा फाट्यापर्यंत कधी काय आडवं येईल, सांगता येत नाही. शेतातून थेट रस्त्यावर चढणारा ट्रॅक्टर, हळदीची पोती लादलेली आणि मागे दिवा नसलेली ट्रॉली, संध्याकाळी घरी परतणाऱ्या म्हशी. इथे करकचून ब्रेक लागणं हे रोजचंच. मोकळ्या बसलेल्या लेकराला समोरच्या सीटवर आपटायला तेवढा ब्रेकही पुरतो.

मांडीचं गणित

आकडेमोड शाळेतलीच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी कशावर तरी आदळली, तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा दणका साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. गाडी अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर १० किलोचं बाळ धरून ठेवायला २०० किलो पेलण्याएवढी ताकद लागते. कुठली आजी, कुठला जिमवाला बाबा ती आणणार? त्यात मांडीवर घेणाऱ्याने स्वतः बेल्ट लावला नसेल, तर त्याचंही वजन बाळावरच येतं.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात हीच गोष्ट कायद्यात शिरली होती. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यामुळे तिथे १९७८ पासून लहान मुलांसाठी कार सीट सक्तीची झाली. पण कायद्यात एक पळवाट ठेवली गेली: मूल मोठ्या माणसाच्या कुशीत असेल तर चालेल! सँडर्स त्या सवलतीला ‘मुलं चिरडणारी’ म्हणत. १९८१ मध्ये ती काढून टाकावी लागली. म्हणजे मांडीचा मोह फक्त आपल्यालाच आहे असं नाही.

आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटमध्ये न बसवता गाडी चालवली, तर १,००० रुपये दंड आहे. आणि मागची सीट आपोआप सुरक्षित असते हा भ्रम तर ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमधल्या चारोटीजवळ फुटायला हवा होता. सायरस मिस्त्रींचा त्या अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते मागेच बसले होते, बेल्ट न लावता.

‘काऊन बांधलंस गं?’

खरी लढाई मात्र घरात असते. मी लेकीला सीटमध्ये बसवून पट्टे आवळले, की आईचा सूर ठरलेला, ‘काऊन बांधून ठिवलंस गं लेकराला? दे इकडं, मी धरते.’ फिजिक्स सांगून उपयोग नसतो. मी डिकीकडे बोट दाखवलं. आईने लोणच्याची बरणी दोन पिशव्यांच्या मधे बसवून, वर जुन्या साडीने गच्च बांधली होती. ‘ती काऊन बांधलीस?’ ‘अगं, हिसका बसला की फुटंल ना!’ ती बोलून गेली आणि मग स्वतःच हसली. त्या दिवशी लेक सीटमध्येच राहिली, आजी शेजारी बसून गोष्टी सांगत होती. आजीचाही बेल्ट लावलेला!

मूल रडतं, हे खरंय. पण सीट घरी आणून चार दिवस हॉलमध्ये खेळायला ठेवा, मग सोसायटीत दोन-चार चकरा मारा. सवय लागते. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबा. रडलं म्हणून चालत्या गाडीत बाहेर काढलं, की पुढच्या वेळी ते आणखी जोरात रडणार!

सीट घेताना

- तान्ह्या बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं. डोकं जड, मान नाजूक. अशा बसण्याने धक्का पूर्ण पाठीवर वाटला जातो. किमान १५ महिने तरी असंच बसवा, सीटच्या मापात बसत असेल तर त्याहून जास्त.
- चालू एअरबॅगसमोर अशी उलटी सीट कधीच लावू नका. मागची जागाच उत्तम.
- गाडीत ‘आयसोफिक्स’चे हूक आहेत का ते बघा. सीट त्यात खटकन बसते.
- खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता आला, तर तो सैल आहे. थंडीत जाड स्वेटर आत नको, पट्टा लावून वर शाल पांघरा.
- मोठ्या मुलांनाही उंची १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर लागतो. नाहीतर बेल्ट मांड्यांवर न बसता पोटावर चढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा सीटमुळे तान्ह्या बाळांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. एवढा परतावा कुठल्या एसआयपीत मिळतो?

आणि हो, गावी पोचलं की संपलं नाही. दुसऱ्या दिवशी औंढा नागनाथला जायचा बेत ठरतो, मामाच्या गाडीत दहा माणसं कोंबली जातात आणि ‘इथं तर जायचंय’ म्हणत सीट अंगणातच राहते. ती मामाच्या गाडीत लावायला पाच मिनिटं लागतात. दर्शनाची रांग त्याहून कितीतरी मोठी असते.