उणे अठरा अंशांची खिडकी

मुळशी तालुक्यातील हिंजवडी-माण परिसरात माहिती तंत्रज्ञान उद्यान वसल्यापासून काचेच्या दर्शनी भिंतींच्या इमारती वाढत गेल्या, आणि त्यांच्या वातानुकूलनावरचा भार बऱ्याच अंशी तावदानांतून आत येणाऱ्या उन्हाने ठरू लागला. खिडकीची ही बाजू दोन अंकांत मांडतात: आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असता चौरस मीटरमागे किती वॅट उष्णता वाहते ते यू-मूल्य, आणि काचेवर पडलेल्या सूर्यऊर्जेचा जो हिस्सा खोलीत उतरतो तो सौरउष्णता गुणांक. साध्या एकेरी काचेचा हा गुणांक ०.८च्या आसपास असतो. २०१७च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने आपल्याकडच्या उष्ण हवामानात व्यापारी इमारतींच्या उत्तरेखेरीज इतर बाजूंसाठी तो ०.२७वर आणून ठेवला.

हे अंक काढण्यासाठी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेची ‘विंडो’ आणि ‘थर्म’ ही विनामूल्य सॉफ्टवेअर जगभर वापरली जातात. ‘थर्म’ चौकटीच्या छेदाचे बारीक तुकडे पाडून त्यांतून उष्णतेची वाट शोधते. ‘विंडो’ काचेचा मध्यभाग, कडेचा ६३.५ मिलिमीटरचा पट्टा आणि चौकट यांची क्षेत्रफळाच्या प्रमाणात सरासरी काढते. म्हणूनच काच उत्तम असूनही अ‍ॅल्युमिनियमची साधी चौकट संपूर्ण खिडकीचे यू-मूल्य बिघडवते. काचेच्या माहितीपत्रकावर मात्र बहुधा मध्यभागाचाच आकडा असतो.

या सॉफ्टवेअरचे बळ आज्ञावलीपेक्षा तिच्या पाठीशी असलेल्या सामायिक काच-संग्रहात आहे. उत्पादक आपापल्या काचेचे परावर्तन व पारगमन तरंगलांबीनुसार मोजून पाठवतात आणि ती नोंद इतर उत्पादकांच्याही तपासणीतून जाते. प्रतिस्पर्ध्यांनीच एकमेकांचे आकडे पडताळावेत, ही व्यवस्था बाजारातल्या कोणत्याही हमीपत्राहून अधिक विश्वासार्ह म्हणावी लागेल. पुढे गणिताचा गाभाही मुक्त स्रोत झाला. भारतात अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने याच प्रयोगशाळेसह २०१२मध्ये इमारत-ऊर्जेचा संयुक्त संशोधन प्रकल्प हाती घेतला.

मात्र अमेरिकी मानांकनात यू-मूल्य काढताना बाहेर उणे १८ आणि आत २१ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरले जाते, आणि तशी थंडी ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरही पडत नाही. त्यामुळे हा अंक दोन खिडक्यांची तुलना करण्यास पुरेसा असला, तरी मुळशीतल्या वीजबिलाचे भाकीत त्यावरून करू नये. येथे सौरउष्णता गुणांकाला आणि छज्ज्याला अधिक वजन द्यायला हवे. संहितेनेही छज्ज्याची सावली हिशेबात धरण्याची सोय ठेवली आहे.

घरांसाठीची २०१८ची इको निवास संहिता आणखी एक पाऊल पुढे जाऊन खिडकी किती उघडते हेही विचारते: दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचा ५० टक्के भाग ती उघडणारा धरते, तर बिजागरीवर फिरणाऱ्या झडपांचा ९० टक्के. बर्कलीच्या गणितात खिडकी कायम बंदच असते.