एका शनिवारची किल्ली

आमदार म्हटला की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? सकाळच्या वेळी ओसरीवर जमलेली माणसे. कुणाला बदलीसाठी चिठ्ठी हवी असते, कुणाच्या वाडीला नळ यायचा असतो, कुणाचा मुलगा पदवी घेऊन घरी बसलेला असतो. गावात रस्ता झाला की आमदार चांगला, पूल वाहून गेला की आमदार वाईट! आपला हिशेब असा सरळ आहे, आणि तो चुकीचा आहे असे मुळीच म्हणवत नाही. नळाचे पाणी ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

पण वाचकहो, या ओसरीवरच्या गृहस्थाच्या खिशात आणखी एक वस्तू असते. ती आपण त्याला कधी मागत नाही आणि तोही कधी दाखवीत नाही. ती आहे राज्यघटनेची एक किल्ली. घटनेचे ३६८ वे कलम सांगते, की काही महत्त्वाच्या घटनादुरुस्त्या एकट्या संसदेला करता येत नाहीत. त्यांना देशातल्या किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संमती द्यावी लागते. आमदाराला त्या विधेयकातला एक स्वल्पविरामही बदलता येत नाही. त्याने फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. पण निम्म्या राज्यांनी ‘होय’ म्हटले नाही, तर दिल्लीतले सारे बहुमत दाराबाहेर ताटकळत राहते.

ही किल्ली किती मोलाची आहे, हे देशाला १९७५ साली एका शनिवारी कळले. खरे म्हणजे त्या दिवशी कळले नाही. कळायला पुढे दोन वर्षे जावी लागली!

रायबरेलीचा खटला

गोष्ट सुरू होते १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत. उत्तर प्रदेशातल्या रायबरेलीत पंतप्रधान इंदिरा गांधींसमोर समाजवादी पुढारी राजनारायण उभे होते. राजनारायण म्हणजे मोठा अवलिया माणूस. एके काळी तेही आमदारच होते. उत्तर प्रदेशाच्या विधानसभेत विरोधी बाकांवर बसून त्यांनी सरकारला पुष्कळदा घाम फोडला होता. निकाल लागला तेव्हा इंदिराबाईंना १,८३,३०९ मते मिळाली आणि राजनारायणांना ७१,४९९. फरक १,११,८१० मतांचा! दुसरा कुणी असता तर उपरणे झटकून घरी गेला असता. राजनारायण गेले अलाहाबादच्या उच्च न्यायालयात.

याचिकेत आरोपांची लांबलचक यादी होती. दारू वाटली, कांबळी वाटली, मतदारांची ने-आण केली, गायवासराचे चिन्ह धार्मिक आहे, खर्च मर्यादेबाहेर गेला. चार वर्षे खटला चालला. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी यांतले बहुतेक आरोप फेटाळले. उरले दोन. एक असा, की पंतप्रधानांच्या सचिवालयातले एक अधिकारी यशपाल कपूर यांनी सरकारी नोकरीत असतानाच प्रचाराचे काम केले. दुसरा असा, की सभांची व्यासपीठे आणि ध्वनिक्षेपकांची वीज यांची व्यवस्था सरकारी अधिकाऱ्यांकरवी झाली.

कुणी म्हणेल, एवढेच? लाखाच्या फरकाने जिंकलेली निवडणूक चार फळकुटांच्या व्यासपीठावरून रद्द करायची? पण कायदा ‘केवढे’ ते विचारीत नव्हता, ‘कुणाचे’ ते विचारीत होता. सरकारी नोकर साऱ्या जनतेचा; त्याचे हात एका उमेदवाराने वापरायचे नाहीत. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याचे १२३ वे कलम याला भ्रष्टाचार म्हणते. सारा प्रश्न तारखांवर येऊन ठेपला. इंदिराबाई उमेदवार कधी झाल्या? न्यायालय म्हणाले, २९ डिसेंबर १९७० पासून. कपूरांचा राजीनामा कधीचा? १३ जानेवारी १९७१ चा. आणि तो मंजूर झाल्याची अधिसूचना निघाली २५ जानेवारीला. या दोन-चार तारखांच्या फटीत पंतप्रधानांची खुर्ची अडकली. १२ जून १९७५ रोजी निकाल झाला: निवडणूक रद्द, आणि सहा वर्षे निवडणूक लढवण्यास बंदी.

अपिलासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली गेली. सुट्टीतले न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी २४ जूनला सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदी राहावे, सभागृहात बसावे, बोलावे, पण खासदार म्हणून मत देऊ नये.

दुसऱ्याच रात्री, २५ जूनला, राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला बातमी कळली ती २६ च्या पहाटे, सही होऊन गेल्यावर. तोवर जयप्रकाश नारायण आणि विरोधी पक्षांचे कितीतरी पुढारी अटकेत गेले होते.

चार दिवस

आता आपल्या शनिवाराकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला, सोमवारी, व्हायची होती. त्याआधी निवडणुकीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. माणूस उमेदवार केव्हा ठरतो, सरकारी नोकराने कर्तव्य म्हणून केलेले काम मदत धरायचे की नाही, राजीनाम्याची तारीख कोणती मानायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलली; आणि तीही मागच्या तारखेपासून! भांड्याला जिथे जिथे भोक सापडले होते, नेमकी तिथे तिथे डाग बसली.

पण तेवढ्यावर भागले नाही. गुरुवारी, ७ ऑगस्टला, लोकसभेत एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती आली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. शुक्रवारी ती राज्यसभेने मंजूर केली. शनिवारी, ९ ऑगस्टला, राज्यांच्या विधानसभांनी तिला संमती दिली. रविवारी राष्ट्रपतींची सही झाली. सोमवारी सकाळी न्यायमूर्ती आसनावर बसले तेव्हा घटनेत ३२९-क नावाचे एक नवे कलम त्यांची वाट पाहत होते. पंतप्रधान आणि लोकसभेचे अध्यक्ष यांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयापुढे चालणार नाही, असे ते कलम म्हणत होते. त्यातले चौथे पोटकलम तर याहून पुढे गेले होते. जो निकाल आधीच लागला होता तो निरर्थक, आणि निवडणूक वैध, असे ते घटनेच्याच तोंडून वदवीत होते. चालू खटल्याचा निकाल घटनेत लिहून टाकलेला!

तो शनिवार जरा डोळ्यांपुढे आणा. ९ ऑगस्ट. बेचाळीस साली याच दिवशी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर तिरंगा फडकला आणि लाठ्या चालल्या. त्याला बरोबर तेहतीस वर्षे झाली होती. आदल्या दिवशी राज्यसभेत मंजूर झालेला मजकूर राज्याराज्यांतून आमदारांच्या पुढ्यात आला. त्यातले किती जणांनी तो शेवटपर्यंत वाचला असेल? वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते, विरोधी पक्षांची कितीतरी माणसे तुरुंगात होती, आणि राजा बोले तिथे दळ हालत होते. हात वर झाले. निम्म्याहून अधिक राज्यांची संमती एका दिवसात गोळा झाली. आपल्या गावच्या पाटबंधाऱ्याची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती दिवस लागतात, ते तुम्हांला ठाऊकच आहे!

घटनाकारांनी ही किल्ली आमदारांच्या हाती दिली होती ती दार पटकन उघडावे म्हणून नव्हे. दिल्लीला घाई झाली तर कुठे तरी थांबा असावा, म्हणून. त्या शनिवारी थांब्यावर गाडी थांबलीच नाही.

न्यायालयाचे दार

निकाल ७ नोव्हेंबर १९७५ रोजी लागला. पाच न्यायमूर्तींच्या पीठात मूळचे पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड हेही होते. निकाल दुधारी होता. निवडणुकीचा कायदा मागच्या तारखेपासून बदलला होता, तो न्यायालयाने मान्य केला. त्यामुळे इंदिराबाईंची निवडणूक वैध ठरली. पण ३२९-क मधले चौथे पोटकलम मात्र न्यायालयाने रद्द केले. घटनेच्या मूळ गाभ्याला संसदेलाही हात लावता येत नाही, हे तत्त्व दोनच वर्षांपूर्वी केशवानंद भारतींच्या खटल्यात प्रस्थापित झाले होते. त्याचा आधार घेऊन पहिल्यांदाच एक घटनादुरुस्ती कोसळली. ज्या मजकुराला संसदेने आणि निम्म्याहून अधिक राज्यांनी होकार दिला होता, तो टिकला नाही.

पण न्यायालयाच्या दाराशी उभे राहून निर्धास्त झोपावे, असेही नाही. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १९७६ रोजी, त्याच न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने निर्णय दिला, की आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. त्या चारांत चंद्रचूडही होते. ‘नाही’ म्हणणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना.

वाढीव वर्ष

सत्तेला एकदा मुदतवाढीची चव लागली की ती सुटत नाही. लोकसभेची मुदत १९७६ च्या मार्चमध्ये संपत होती. ती एका वर्षाने वाढवली गेली, आणि त्याच साली आणखी एका वर्षाने. ही वाढ आपल्याला नको, असे म्हणून पुण्याचे मधु लिमये आणि तरुण खासदार शरद यादव यांनी तुरुंगातूनच लोकसभेचे राजीनामे दिले. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिले, सहावे वर्ष कुणी दिले, असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

मग बेचाळिसावी घटनादुरुस्ती आली. तिने लोकसभेची आणि विधानसभांची मुदत पाचाची सहा वर्षे केली. या दुरुस्तीलाही राज्यांची संमती घेण्यात आली. म्हणजे गंमत पाहा: आमदारांनी हात वर केला आणि त्यांच्या स्वतःच्या खुर्चीलाही एक वर्ष वाढले! महाराष्ट्राची १९७२ साली निवडलेली विधानसभा नव्या निवडणुकीला सामोरी गेली ती १९७८ च्या फेब्रुवारीत.

सगळेच आमदार तसे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १९७२ साली गोरेगावातून निवडून आलेल्या मृणाल गोरे, म्हणजे ‘पाणीवाली बाई’, काही काळ भूमिगत राहिल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. नळाच्या पाण्यासाठी भांडणारी बाईच घटनेसाठीही भांडते, हा काही योगायोग नव्हे. आणि ज्या विधानसभा दिल्लीच्या सुरात सूर मिळवीत नव्हत्या त्यांचे काय झाले? तमिळनाडूतले द्रमुकचे सरकार ३१ जानेवारी १९७६ रोजी बरखास्त झाले, विधानसभाही गेली. किल्ली फिरवायला नकार देणाऱ्याच्या हातून कधी कधी घरच काढून घेतात!

तीच किल्ली, उलटी

१९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली. रायबरेलीत तेच दोन उमेदवार समोरासमोर होते. यावेळी राजनारायण ५५,२०२ मतांनी निवडून आले. पाणीवाली बाई मुंबईहून लोकसभेत गेली. २१ मार्चला अंतर्गत आणीबाणी उठली.

त्या लोकसभेत एक वयस्क गृहस्थ होते, हरि विष्णु कामत. १९४९ साली मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून ते घटना समितीत बसले होते. आणीबाणीच्या कलमांवर तेव्हा त्यांनी कडाडून टीका केली होती, आणि जर्मनीच्या वायमार घटनेतल्या अशाच कलमांचा हिटलरने काय उपयोग केला, त्याची आठवण दिली होती. तेव्हा ते फारच घाबरट वाटले असतील. अठ्ठावीस वर्षांनी कुणाला तसे वाटण्याचे कारण उरले नव्हते.

१९७८ साली चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती आली. राज्यसभेत काँग्रेसचे बळ मोठे होते. तिथे काही कलमे गळाली, पण आणीबाणीला वेसण घालणारी कलमे टिकली. ‘अंतर्गत अशांतता’ हे ढगळ शब्द जाऊन ‘सशस्त्र उठाव’ आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही. दोन्ही सभागृहांनी एका महिन्यात विशेष बहुमताने मान्यता दिली पाहिजे, आणि पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी नोटीस दिली तर चौदा दिवसांत खास बैठक बोलवायची, आणि साध्या बहुमताने ‘नको’ म्हटले तर आणीबाणी संपली. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करायचा नाही. लोकसभा-विधानसभांची मुदत पुन्हा पाच वर्षे. आणि ते ३२९-क कलम घटनेतून साफ काढून टाकायचे.

ही दुरुस्तीही विधानसभांकडे गेली, आणि त्याच किल्लीने कुलूप पुन्हा बंद झाले. ३० एप्रिल १९७९ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. कलम लिहायला चार दिवस पुरले होते. ते पुसायला जवळजवळ चार वर्षे लागली.

आजही ही किल्ली गंजलेली नाही. वस्तू-सेवा कराची घटनादुरुस्ती २०१६ साली अशीच राज्याराज्यांतून फिरून आली. पुढेही अशा दुरुस्त्या येत राहतील; काही चांगल्या असतील, काही घाईच्या.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी आमदारसाहेब ओसरीवर भेटले, तर नळाचे जरूर विचारा, रस्त्याचेही विचारा. मग निघता निघता आणखी एक प्रश्न विचारा: “साहेब, घटनादुरुस्तीचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी तुम्ही तो वाचणार ना?”

साहेब हसतील. हसू द्या. पण आपल्याला कुणीतरी हे विचारले होते, एवढे त्यांच्या लक्षात राहिले, तरी पुष्कळ झाले.